सुरणाला आलेला ताप

सेलू,
१२ जून

तीर्थरूप मामाजींना आणि मामींना आचलचा नमस्कार. मामींचे गुडघे, तुमचा खोकला आणि बेकरीच्या भट्टीची चिमणी हे तिघंही बरे असतील असं धरून चालते. इकडची खुशाली नंतर लिहिते, कारण आधी मागच्या पत्रातली एक चूक दुरुस्त केल्याशिवाय माझा हात पुढे चालणार नाही. संक्रांतीच्या पत्रात मी लिहिलं होतं की तुम्ही पावाच्या पिठात जे यीस्ट घालता त्याच्याजवळ श्वास घेण्याची एक दुसरी वाट असते, आणि मुख्य वाट बंद पडली तरी ते त्या आडवाटेने श्वास घेत राहतं. हे चूक आहे. यीस्टच्या इतर काही जातींत ती वाट असते, झाडांत तर असतेच, पण पावाच्या यीस्टमध्ये नसते. मामी फोनवर म्हणाल्या की तुम्ही गल्ल्यावर बसून दर गिऱ्हाइकाला सांगता, "आमची भाची म्हणते, आपल्या पावाचा जीव दोन वाटांनी श्वास घेते, म्हून तो येवढा फुगते." मामाजी, पाव त्यामुळे फुगत नाही. यीस्ट साखर खातं आणि हवा सोडतं म्हणून फुगतो, आणि शेजारच्या बेकरीतलाही त्याच कारणाने फुगतो. गिऱ्हाइकांचं एक वेळ राहू द्या, पण ब्रेड न्यायला ते शाळेचे मास्तर येतात त्यांना तरी बोलावून सांगा. ते पोरांना शिकवतील, आणि मग ते माझ्या डोक्यावर राहील.

मी काही मागायला हे पत्र लिहीत नाही. फोनवरच बोलले असते, पण फोनवर बाबांचं नाव निघालं की तुमचा फोन कटतो. (रेंज गेली असं तुम्ही नंतर सांगता. हिंगणघाटात रेंज नेमकी त्याच एका नावाला कशी जाते, हा अभ्यासाचा विषय आहे.) पत्र मधेच कटत नाही, म्हणून पत्र. मामी, मामाजी हे मोठ्याने वाचत असतील आणि एखाद्या ठिकाणी नुसतं खाकरून पुढे गेले तर त्यांना थांबवा आणि मागची ओळ वाचायला लावा. या महिन्याच्या शेवटी मी हैदराबादला एका प्रयोगशाळेत कामाला लागणार हे तुम्हाला ठाऊक आहे. मी गेले की या घरात बाबा एकटे. जगात ज्याच्याशी ते चार वाक्यं बोलले असते असा माणूस एकच आहे, आणि आईला नेलं त्या दिवशी तो माणूस घाटावर सगळ्यांसमोर म्हणाला, "अंगात ताप भरला होता अन् हा मानूस दवाखाना सोडून पट्ट्या ठेवत बसला," आणि तिथूनच परस्पर हिंगणघाटला निघून गेला. त्यात कोणाचं चुकलं हे मी लिहिणार नाही. मी तेव्हा कॉलेजसाठी वर्ध्याला, बोरगाव मेघेच्या खोलीवर होते. जे मी पाहिलं नाही ते मी लिहीत नाही.

आता आडवाट म्हणजे काय ते नीट सांगते, म्हणजे मास्तरांना सांगताना परत घोटाळा नको. सेलूहून वर्ध्याला जाणारी एसटी थांब्याथांब्यावर माणसं घेते, तिकिटं फाटतात, आणि डेपोत पोहोचेपर्यंत कंडक्टरची पिशवी भरते. पेशीचा श्वास असाच चालतो. अन्नातून जे निघतं ते थांब्याथांब्यावर शक्ती जमा करत शेवटी ऑक्सिजनपाशी पोहोचतं. आता समजा रस्त्यात झाड पडलं. आपल्यासारख्यांची पेशी असेल तर बस तिथेच उभी राहते आणि संपलं. झाडाच्या पेशीला मात्र शेतातून निघणारी एक वाट ठाऊक असते. त्या वाटेनेही बस डेपोत पोहोचते, पण मधले बरेच थांबे सुटतात. पिशवी जवळजवळ रिकामी, आणि डिझेल जळतं ते इंजिन तापवण्यात जातं. पेशी जगते. तिच्या हाती फार काही लागत नाही, आणि ती गरम होते. (कॉलेजातल्या माझ्या मॅडमना ही एसटी आवडत नाही. त्या म्हणतात, कंडक्टर हा शब्द विज्ञानात दुसऱ्याच गोष्टीला आहे.)

माझ्या प्रकल्पाच्या प्रयोगात मुख्य रस्ता बंद करायला सायनाइड वापरतात. हा शब्द मी होळीच्या सुटीत घरी असताना अंगणात उभी राहून फोनवर मॅडमना बोलले, आणि कुंपणापलीकडे कोकिळाकाकू धुणं वाळत घालत होत्या. आपल्या दोन्ही घरांत दहावीच्या पुढे गेलेली मी एकटी, त्यामुळे माझ्या शिक्षणाने काय होईल याचा अंदाज कोणालाच नाही, आणि आई गेलेल्या घरातली पोर सायनाइड मागवते म्हटल्यावर काकूंना जे वाटायचं तेच वाटलं. त्यांनी विचारलं काही नाही. फक्त सुटी संपेपर्यंत मी एका क्षणालाही एकटी नव्हते. न्हाणीत गेले की दाराबाहेर काकू उभ्या, आणि "आंघोळ झाली काय वो बाई? गाणं म्हन ना एखादं, आवाज येऊ दे," असं सारखं चाललेलं. काकूंचे यजमान प्रेमदास यांनी आमच्या विहिरीवरचा दोर 'कामासाठी' म्हणून नेला तो अजून परत आलेला नाही. बाबांनी मला एवढंच विचारलं, "तुले काई तरास हाय काय?" मी नाही म्हटलं, आणि समजावून सांगितलं की ते यीस्टसाठी आहे. मग बाबा म्हणाले, "त्यानं तुहं काय वाकडं केलं?"

यीस्टने माझं पुष्कळ वाकडं केलं. तुम्ही प्रेमाने पाकिटं पाठवत राहिलात, मी प्रयोग करत राहिले, आणि दर वेळी मुख्य वाट बंद केली की यीस्टचा श्वास थांबायचा. मला वाटायचं माझा हात वाईट आहे. शेवटी मॅडमनी पाकीट उलटं करून त्यावरचं नाव वाचलं आणि डोळे मिटून घेतले. जे त्यात नाहीच ते मी अर्धं वर्ष शोधत होते. त्या म्हणाल्या, आता सुरणाच्या जातीचं फूल मिळालं तरच काही होईल. ते उमलताना याच आडवाटेने तापतं, त्या उबेवर त्याचा वास दूरवर पसरतो, आणि वासावर किडे येतात. पण सुरणाला फूल क्वचितच येतं, कारण लोक कंद दरसाल उपटून खातात.

इथे मला बाबांचं लिहावं लागेल. मामाजी, खाकरू नका. बाबा सकाळी उठतात, वांग्यांना पाणी देतात, भाजी बाजारात नेतात, जेवतात, झोपतात. काहीही बंद पडलेलं नाही. पण हाताला काही लागत नाही, आणि गरम होतात. चहात साखर जास्त झाली म्हणून गरम, कमी झाली म्हणून गरम. (माणसाला पेशीची उपमा देणं चूक आहे हे मला कळतं. अहवालात असतं तर मॅडमनी लाल शाईने कापलं असतं. हा अहवाल नाही.) आणि ते वर्षभर उघड्या डोक्याने फिरतात. तेराव्याला बायकोच्या माहेरच्यांनी येऊन दुपट्टा-टोपी घालायची आणि दुखवटा काढायचा, ती तुमची जागा रिकामी राहिली. चुलत आजोबा किसनराव म्हणाले, मी घालतो. बाबा म्हणाले, "ज्याची बहीन गेली, त्याच्याच हातानं." तो विषय तिथे मिटला. तेव्हापासून डोक्यावर टोपी नाही, रुमालसुद्धा नाही, आणि उन्हाळा वर्ध्याचा. कोकिळाकाकूंनी खिशात कांदा ठेवायला सांगितला तो मात्र ठेवतात. बाजारात बायका भाव विचारून त्या कांद्याकडे बघतात.

आता वर्षश्राद्धाची हकीकत. त्या दिवशी सकाळपासूनच घरात वास येत होता. साधा वास नाही. काहीतरी मरून बरेच दिवस झाले आहेत असा वास. आईच्या वर्षश्राद्धाला घरात असा वास येणं म्हणजे काय, ते मी लिहून सांगत नाही. सगळ्यांनी तो वास घेतला आणि सगळ्यांनी न घेतल्यासारखं केलं. किसनराव नाकाला उपरणं लावून बसले आणि विचारलं तर म्हणाले की सर्दी झाली आहे. प्रेमदासांनी मात्र जबाबदारी घेतली. "उंदीरच हाय," ते म्हणाले, "मेला उंदीर अन् मेली घूस, दोघायचा वास येगळा येते. मले वासावरूनच समजते." मग त्यांनी माजघराच्या छपरावरची कवेलू एकेक करून काढायला सुरुवात केली. बाबा खालून ओरडले, "उंदीर दिसला काय तुले? तं मंग माह्यं घर काऊन उघडं करून राह्यला?" कवेलूंखाली एक तुटका पतंग आणि चिमणीचं घरटं निघालं. मग न्हाणीचा शोषखड्डा उघडला. त्याने पहिला वास गेला नाही, त्यात दुसरा मिळाला. अशा हवेत पंगत बसली. तुमच्यासाठी पाट मांडलेला होता. (मी मांडला नव्हता.) पाहुण्यांनी कढी-वडे तोंडाने श्वास घेत खाल्ले, आणि उठताना एकाने नाक चिमटीत धरूनच कढी फार छान झाल्याचं सांगितलं. कोकिळाकाकू माझ्या कानाशी म्हणाल्या, "तुह्या मायचा, कुंताचा जीव घुटमळून राह्यला वो. कायात अटकला असंन?" ते बाबांना ऐकू गेलं. त्यांनी हात धुतले आणि मागच्या दाराने बाहेर गेले.

मी त्यांच्या मागे गेले म्हणून ते दिसलं. न्हाणीमागे तुराट्यांचा ढीग आहे, त्याच्या आड आई सुरण लावायची. दर दिवाळीला मोठा कंद काढायची, लहान परत पुरायची, आणि हातांना खाज सुटली की चिंच चोळत बसायची. गेल्या वर्षी कोणी काढलाच नाही. कोणाच्या लक्षातच आलं नाही. तो मोठा कंद तसाच जमिनीत राहिला, आणि पान फुटायच्या आधी त्याला फूल आलं. मातीलगत परातीएवढी चुणीदार, मळकट जांभळी झालर, तिच्या मधोमध मेंदूसारखा सुरकुतलेला काळसर गोळा, आणि त्यावर माशाच माशा. काकू मागून आल्या आणि किंचाळल्या, "आगं माय! हे तं जितं हाय!" आणि मी, मामाजी, आईच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी, त्या वासात, आनंदाने टाळी वाजवली. प्रेमदासांनी बायकोकडे बघितलं. बायकोने परत विहिरीकडे बघितलं.

मॅडमना फोन केला. त्यांनी सांगितलं, संध्याकाळी ते सगळ्यात जास्त तापेल. तेव्हा ताप मोज, मग वरचा गोळा काप, बर्फात ठेव आणि पहिल्या बसने वर्ध्याला घेऊन ये. पाहुणे गेले. दुपारी एक सर येऊन गेल्यामुळे हवा थोडी उतरली होती. प्रेमदासांच्या फ्रिजमधून डबाभर बर्फ आणला, विळा धुतला, आणि घरात तापमापी म्हणून जे एकच थर्मामीटर आहे ते कपाटातून काढलं. ते कोणतं हे मामींना कळलं असेल. ते नीट झटकून आधी शेजारच्या केळीला लावलं. पारा चढलाच नाही. मग सुरणाच्या गोळ्याला लावलं. तो हाताला सुद्धा कोमट लागत होता. मी वाकून आकडा बघत होते तेव्हा बाबा शेजारी येऊन उभे राहिले.

"केवढा हाय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एकशे एक. त्यांनी माझ्या हातातून थर्मामीटर घेतलं आणि दाराच्या बल्बकडे धरून ती चकाकणारी रेघ सापडेपर्यंत हळूहळू फिरवलं. बाबा अक्षर लावून लावून वाचतात हे तुम्हाला माहीत आहे. थर्मामीटर वाचायला मात्र ते गेल्या वर्षी शिकले. "एकशे एक," ते म्हणाले, "म्हंजे हाय तं," आणि आत गेले. मला वाटलं वास सहन होत नाही म्हणून गेले. मी विळा घेतला. तेवढ्यात ते परत आले, एका हातात मिठाच्या पाण्याची वाटी आणि दुसऱ्या हातात धोतराची फाडलेली पट्टी. उकिडवे बसले, पट्टी बुडवली, पिळली, झटकली, आणि त्या गोळ्यावर ठेवली. माशा उडाल्या.

मी म्हटलं, बाबा, हा ताप नाही, ही त्याची श्वास घेण्याची... "मले समजते," ते म्हणाले. "झाड हाय थे. मी काय येडा हाय काय?" आणि पट्टी उलटली. थोड्या वेळाने म्हणाले, "तुह्या कामाचं काई बिघडते काय यानं?" कामाचं सगळंच बिघडत होतं. ओल्या पट्टीखाली मोजलेलं तापमान कोणी मानत नाही, आणि बर्फ वितळत होता. मी म्हटलं, नाही बाबा, काही बिघडत नाही. बाबा पट्टी बदलत राहिले. त्या वासात आम्ही दोघं बसलो होतो. मग ते त्या सुरणाकडे बघत बोलायला लागले. "रोज वाटे, उद्या उतरीन. उतरेच ना थोडासा, मंग अजून चढे." मी वाटी त्यांच्याजवळ सरकवली. "तुहा मामा ज्ञानेश्वर खोटं नाई बोलला. पट्ट्या ठेवत बसलो, हे खरंच हाय." पुन्हा पट्टी बुडवली. "पन बोलला तं बोलला. बसाचं होतं मंग. बोलून उठून काऊन गेला? त्याचीबी बहीनच होती ना? दोघं बसलो असतो."

मामी, हे वाक्य मामाजींनी गाळलं असेल तर परत वाचायला लावा.

पुढचं थोडकं आहे. बर्फाचं पाणी झालं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फूल मान टाकून आडवं झालं आणि वासही गेला. प्रेमदास गावभर सांगतात की शोषखड्डा त्यांनी उघडला म्हणूनच गेला. मी अहवाल जमा केला. पावाच्या यीस्टमध्ये आडवाट आढळली नाही, असा माझा निष्कर्ष आहे. (हे जगाला आधीच माहीत होतं. आता सेलूलाही माहीत झालं.) तळाला टीप दिली: 'सुरणाच्या फुलाचं तापमान एकदाच मोजता आलं. त्यानंतर ओली पट्टी ठेवण्यात आल्याने मोजणी केली नाही.' मॅडमनी विचारलं, पट्टी कोणी ठेवली? मी म्हटलं, वडिलांनी. त्यांनी लाल पेन उघडला, टोपण परत लावलं, आणि सही केली.

इकडे सगळं ठीक आहे. मामींनी गुडघ्याला शेक घ्यावा आणि तुम्ही भट्टीचा धूर टाळावा. थोरांना नमस्कार, आणि लहान कोणी असतील तर त्यांना पाव कशाने फुगतो ते खरं सांगावं.

तुमची,
आचल

ता. क. यीस्टची पाकिटं आता पाठवू नका. आहेत ती संपवायला मी रोज पोळ्यांच्या पिठात थोडं घालते. बाबा म्हणतात पोळ्या फुगून राह्यल्या, अन् तू काऊन हसून राह्यली.

ता. क. २. वर मी लिहिलं आहे की काही मागायला हे पत्र लिहीत नाही. ते वाक्य खोडत नाही, कारण लिहिताना ते खरं होतं. पण आता एक मागते. दुखवटा काढायला माहेरच्यांनी बाईच्या घरी यावं लागतं, आणि तुम्ही येणार नाही हे मी वर्षभरात समजले. उलट बाजूने गेलेलं चालतं का, म्हणजे ज्याचा दुखवटा काढायचा त्यालाच तुमच्या दारात आणून उभं केलं तर चालतं का, हे मी किसनरावांना विचारलं. ते म्हणाले, असं कोणी करत नाही. चालत नाही असं ते म्हणाले नाहीत.

ता. क. ३. बाबांना मी सांगितलं आहे की हिंगणघाटला एका दुकानात वांग्याचं चांगलं बियाणं मिळतं, ते बघायला जायचं. बियाणं खरंच घ्यायचं आहे, म्हणून हे पूर्ण खोटं नाही. तुम्ही काही बोलायची तयारी करू नका, फक्त घरी राहा. वर्ध्याहून दुसरी बस धरून आम्ही दोघं रविवारी, २२ जूनला येतो.